ज्वर उतरल्यानंतर

(आपल्या न्यासाच्या हीरकमहोत्सवानिमित्त बडोदे येथे योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



हीरकमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी दुखण्याखुपण्याचा विषय काढणे बरे दिसत नाही, हे आम्ही जाणतो. चिटणीसांनी 'आरोग्यावर दोन शब्द बोला' असे सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात आहार, व्यायाम, सूर्यनमस्कार असा एखादा प्रसन्न विषय असावा. परंतु न्यासाच्या वैद्यकीय साह्य समितीवर आम्ही बरीच वर्षे काम करीत आहो, आणि समितीच्या नोंदवहीतील एक ओळ आमच्या मनाला सलत राहिली आहे. ती ओळ आमच्याच हस्ताक्षरातली आहे. ती आपणांस वाचून दाखवावी, तिच्यामागचे शास्त्र सोप्या शब्दांत मांडावे आणि शेवटी समितीपुढे एक मागणे ठेवावे, एवढ्यासाठी आज उभे राहिलो आहो.

ओळ अशी: 'सेप्सिस. एकोणीस दिवस रुग्णालयात. साह्य दिले. रुग्ण बरा होऊन घरी गेला.'

हे गृहस्थ आपल्यातलेच. तरुणपणी छापखान्यात जुळारी होते. न्यासाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे खिळे त्यांनीच जुळविले होते. मधुमेह जुना. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात चप्पल लागून पायाच्या अंगठ्याजवळ जखम झाली. त्यांनी हळद दाबली, पट्टी बांधली आणि ते कामाला लागले. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. सहाव्या दिवशी बोलण्यात भ्रम दिसू लागला, लघवी कमी झाली. घरची मंडळी म्हणाली, 'पाय सेप्टिक झाला.' त्यांना तातडीने रुग्णालयात नेले. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी शर्थ केली आणि दादा यमाच्या दारातून परत आले.

घरात आनंदीआनंद झाला. पुढच्या पौर्णिमेला सत्यनारायण घातला. साठसत्तर माणसे आली. नाक गळणारी, खोकणारी पोरे दादांच्या मांडीवर बसली. आम्हीही त्या पूजेला होतो. तीर्थप्रसाद घेतला, 'आता अगदी ठणठणीत झालात' असे म्हणालो आणि घरी आलो. त्यानंतर दीड महिन्याने दादांना न्युमोनिया झाला आणि आठ दिवसांत ते गेले.

दिवस झाल्यावर वहिनींनी आम्हाला विचारले, 'डॉक्टरभाऊजी, पाय तर भरून आला होता. महिनाभर ताप नव्हता. मग छातीत हे आले कुठून?' आम्ही चाळीस वर्षे दवाखाना चालविलेला माणूस; परंतु त्या माउलीला 'देवाची इच्छा' यापलीकडे उत्तर देऊ शकलो नाही. आजचे भाषण म्हणजे वहिनींच्या त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय. एका विशिष्ट रुग्णाविषयी 'अमुकच कारण' असे छातीठोकपणे सांगता येत नाही, हे खरे. दादांचे वय होते, मधुमेह होता. तरीसुद्धा गेल्या तीसएक वर्षांत वैद्यकशास्त्राने ह्या बाबतीत जे शोधून काढले आहे, ते त्या घराला आधी ठाऊक असते तर त्या महिन्यांत घर वेगळे वागले असते. आम्हीही वेगळे वागलो असतो.

प्रथम सेप्सिस म्हणजे काय ते पाहू. शब्द ग्रीक, त्याचा अर्थ कुजणे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तेथे बाळंतज्वराने स्त्रिया पटापट मरत. त्यांचे एक डॉक्टर मित्र शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून आजारी पडले आणि त्याच लक्षणांनी मरण पावले. त्यावरून सेमेलवाइस ह्यांनी ताडले, की शवाजवळून डॉक्टरांच्या हातांवाटेच काहीतरी बाळंतिणीपर्यंत जात असले पाहिजे. त्यांनी सर्वांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. पुढे लिस्टर ह्यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक केल्या. १९२८ मध्ये फ्लेमिंग ह्यांना पेनिसिलिनचा सुगावा लागला. १९४१ साली ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायाला ते टोचण्यात आले. तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा संपला आणि बिचारा दगावला. पुढे पेनिसिलिन मुबलक झाले, तेव्हा सर्वांना वाटले, की आता जंतू मेला म्हणजे माणूस जगलाच.

परंतु तसे झाले नाही. जंतू औषधाने आटोक्यात आले तरी मूत्रपिंडे बंद पडत, फुप्फुसांत पाणी भरे, रक्तदाब कोसळे. हळूहळू उमगले, की येथे घात केवळ जंतू करीत नाही. जंतूला पाहून देह जो प्रतिकार करतो, तोच हाताबाहेर जाऊन घरचे खांब पाडू लागतो. २०१६ साली जगातील तज्ज्ञांनी सेप्सिसची जी व्याख्या ठरविली, तिचा आशय हाच आहे: जंतुसंसर्गाला देहाने दिलेले उत्तर बेताल झाल्यामुळे अवयव निकामी होऊ लागणे, आणि जीव धोक्यात येणे. २०१७ ह्या एका वर्षी जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख लोक त्यात गेले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या वर्षी मेलेल्या दर पाचांत जवळजवळ एक.

देहाचा प्रतिकार भडकतो, तेव्हा तो दाबला की काम झाले, असे साहजिकच वाटले. १९८० नंतरच्या वीस वर्षांत ह्या भडक्यावर पाणी ओतणारी अनेक औषधे रुग्णांवर अजमावून पाहिली गेली. प्राण्यांत गुण दिसे. माणसांत एकामागून एक प्रयोग फसत गेले. एका औषधाला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, त्याचा गाजावाजाही झाला. २०११ मध्ये तेही बाजारातून परत घेण्यात आले. मग लोक विचारू लागले: आपण जी आग विझवायला निघालो, ती बहुतेक रुग्णांत आधीच विझलेली तर नसेल? आणि आता तेथे विस्तव नसून नुसती राखच असेल तर?

हे राखेचे प्रकरण समजण्यासाठी देहाची रखवाली कशी चालते ते थोडे सांगावे लागेल. रक्तात व निरनिराळ्या अवयवांत फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी हे आपले रखवालदार होत. त्यांतल्या काही भक्षकपेशी; दिसेल तो जंतू त्या गिळून टाकतात. दुसऱ्या लसिकापेशी, ज्यांना डॉक्टर लोक लिम्फोसाइट म्हणतात. ह्यांतील काही जंतूंना निकामी करणारी प्रतिद्रव्ये बनवितात. काही जंतू शिरलेल्या पेशींना मारतात. आणि काही जुन्या शत्रूची ओळख वर्षानुवर्षे जपून ठेवतात. लहानपणी गोवर येऊन गेला की पुन्हा सहसा येत नाही, तो ह्यांच्या स्मरणशक्तीमुळे. दोघांचा मेळ मात्र पडावा लागतो. भक्षकपेशी गिळलेल्या जंतूचा एक तुकडा आपल्या अंगावर एका ठरावीक प्रथिनात धरून लसिकापेशीला दाखविते. चावडीवर मुद्देमाल मांडावा, तसा हा प्रकार. मुद्देमाल पाहिल्याखेरीज ह्यांतल्या मुख्य लसिकापेशी हलत नाहीत.

सेप्सिसमध्ये ह्या साऱ्या व्यवस्थेची चार प्रकारे वाताहत होते.

पहिला प्रकार म्हणजे रखवालदारांचे मरण. प्रत्येक पेशीत, काम संपले की स्वतःच शांतपणे विरून जाण्याची सोय निसर्गाने ठेवलेली आहे. त्याला पेशीचे इच्छामरणच म्हणावे. भीष्मांनी आपली वेळ निवडली होती; सेप्सिसमध्ये मात्र हे मरण लसिकापेशींवर अवेळी आणि थव्याथव्याने ओढवते. अमेरिकेतील सेंट लुइस येथील हॉचकिस ह्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेप्सिसने मरण पावलेल्यांचे अवयव तपासून १९९९ व २००१ साली हे दाखवून दिले. गंमत अशी, की मेलेल्या पेशी उचलून नेणाऱ्या भक्षकपेशीही त्यामुळे शांत पडतात. इच्छामरणाने गेलेली पेशी गिळली की 'सारे आलबेल आहे' असा निरोप त्यांना मिळतो. एरवी हा निरोप हिताचा असतो. भर लढाईत तो घातक ठरतो.

दुसरा प्रकार थकव्याचा. ज्या लसिकापेशी उरतात, त्यांच्या अंगावर लगाम उगवतात. त्यांतल्या एका लगामाचे नाव पीडी-१. हे लगाम एरवी प्रतिकार आवरता यावा म्हणून असतात. येथे ते आवळलेलेच राहतात. पेशी जिवंत असते, गणतीत येते, पण शत्रू समोर आला तरी हात उचलीत नाही.

तिसरा प्रकार चावडीचा. भक्षकपेशींच्या अंगावरचे ते मुद्देमाल धरणारे प्रथिन कमी होते. बर्लिन येथील संशोधकांनी १९९७ साली सेप्सिसच्या ज्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांच्या रक्तातील ह्या जातीच्या पेशींपैकी शेकडा ३० हूनही कमी पेशींवर ते प्रथिन पुरेसे होते. निरोगी माणसात ते बहुतेक पेशींवर असते. त्याशिवाय सवयीचाही भाग आहे. १९४७ साली बीसन नावाच्या डॉक्टरांनी सशांना टायफॉइडची लस वारंवार टोचली. पहिल्या वेळी ससे तापाने फणफणले. पुढे पुढे त्याच मात्रेने ताप जेमतेम येऊ लागला. जंतूचे विष पुन्हा पुन्हा भेटले की भक्षकपेशी त्याला सरावतात आणि ओरडायचे सोडतात. म्हणूनच अशा रुग्णाला दुसऱ्यांदा जंतुसंसर्ग होतो, तेव्हा कधी कधी ताप फारसा चढतच नाही. घरातले थर्मामीटर पाहून निर्धास्त राहतात, आणि आत दुखणे वाढत असते.

चौथा प्रकार मुळाशी जातो. सर्व पांढऱ्या पेशींचे गुरुकुल म्हणजे हाडांतली मज्जा. लढाईच्या गर्दीत ते गुरुकुल अर्धेकच्चे शिष्य बाहेर धाडू लागते. त्यांतले काही तर इतर पेशींनाच आवरून धरतात. शिवाय पेशींच्या केंद्रातील कोणती सूत्रे उघडी राहावीत नि कोणती मिटावीत, ह्याची मांडणीच बदलून जाते. फ्रान्स व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फुप्फुसातील भक्षकपेशी मूळचा दाह शमल्यानंतरही जंतू गिळण्यात मागे पडल्या असे आढळले. आणि माणसांच्या रक्तातील त्यांच्या भाईबंद पेशींत हा बिघाड सहा महिन्यांपर्यंत दिसून आला. वहिनींनी विचारले होते, 'छातीत हे आले कुठून?' त्याचे उत्तर बहुधा येथे आहे. जखम पायाला होती. पण पायाची लढाई लढताना छातीचे रखवालदारही लुळे पडले होते.

ह्या गोष्टी अनुमानाने सांगितलेल्या नाहीत. सेंट लुइस येथे सेप्सिसने मृत्यू पावलेल्या ४० रुग्णांच्या पांथरीचे व फुप्फुसाचे तुकडे, मृत्यूनंतर अर्ध्या ते तीन तासांच्या आत, कुटुंबीयांच्या संमतीने काढून घेण्यात आले. त्या पांथरीतील पेशींना प्रयोगशाळेत डिवचून पाहिले. निरोगी पांथरीच्या पेशी ज्या प्रमाणात प्रतिकाराची रसायने सोडतात, त्याच्या दशांशाहूनही कमी रसायने ह्या पेशींनी सोडली. हा वृत्तांत २०११ च्या डिसेंबरात छापून आला. आपले माणूस नुकतेच गेले आहे, अजून अंग गार पडलेले नाही, आणि अशा घटकेला त्या घरांनी होकार दिला. त्या होकारावर हे ज्ञान उभे आहे. दानाच्या ज्या अनेक परी आपल्या न्यासाला ठाऊक आहेत, त्यांत ही परीही बसवावी, असे आम्हाला वाटते.

आणखी एक पुरावा आपल्या नित्य अनुभवाजवळचा आहे. मोठ्या तापानंतर ओठांच्या कडेला बारीक फोड येतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो विषाणू बाहेरून आलेला नसतो. लहानपणापासून अंगात निजलेला असतो, आणि पहारा ढिला पडला की उठतो. सेप्सिसच्या रुग्णांत असे निजलेले विषाणू किती उठतात ते पाहण्यासाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्त तपासले, तेव्हा शेकडा चाळिसांहून अधिक रुग्णांत दोन किंवा अधिक जातींचे विषाणू जागे झालेले सापडले. पहारा किती उठला आहे, ह्याची ती खूणच म्हणावयाची.

पूर्वी असे समजत, की आधी भडका आणि मग थंडावा. १९९६ साली बोन नावाच्या डॉक्टरांनी ह्या थंडाव्याला स्वतंत्र नाव दिले, तेव्हाही साधारण हाच क्रम मानला जाई. आता दिसते, की दोन्ही गोष्टी जवळजवळ एकदमच सुरू होतात आणि बरोबरीने चालतात. अमेरिकेत रुग्णालयातून जिवंत घरी गेलेल्या ४८३ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कित्येकांच्या रक्तात महिन्यामागून महिने दाहाच्याही खुणा होत्या आणि प्रतिकार दडपला गेल्याच्याही.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पाणी दोनचार दिवसांत ओसरले. वर्तमानपत्रांत 'पूर ओसरला' असे छापूनही आले. पण भिंतींतली ओल? ती दिवाळीपर्यंत गेली नाही. कपाटांना बुरशी आली, विजेची बटणे झटके देऊ लागली, दारे फुगली. सेप्सिसचे तसेच आहे. रुग्णालयातून सुटी मिळते ती पूर ओसरल्याची. ओल अजून आत असते.

ह्या ओलीची किंमत काय पडते? अमेरिकेतील अनुभवाचा आढावा २०१८ मध्ये घेण्यात आला. सेप्सिसमधून वाचून घरी गेलेल्यांपैकी सुमारे निम्मे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे होतात. सुमारे एकतृतीयांश पुढच्या वर्षभरात दगावतात. उरलेल्या एकषष्ठांश लोकांना मोठे अपंगत्व चिकटून राहते. आणि शेकडा ४० लोकांना तीन महिन्यांच्या आत पुन्हा रुग्णालयात जावे लागते, त्यात नव्या जंतुसंसर्गाचा वाटा मोठा. हे आकडे परक्या देशाचे आहेत, तेथले रुग्ण बरेचसे वृद्ध आणि आधीच व्याधिग्रस्त. प्रत्येक मृत्यू प्रतिकार दडपल्यानेच होतो असेही नाही. तरी 'बरा होऊन घरी गेला' ह्या आमच्या शेऱ्यात किती उतावळेपणा होता, हे कळायला ते पुरेसे आहेत.

मग आपण विचाराल, ह्या पेशींना जागे करणारे औषध नाही काय? प्रयत्न चालू आहेत. बर्लिनच्या त्याच संशोधकांनी १९९७ साली इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य नऊ रुग्णांना दिले, आणि भक्षकपेशींवरचे ते प्रथिन परत आले. २०१८ साली फ्रान्स व अमेरिकेतील २७ रुग्णांवरच्या प्रयोगाची हकीकत आली. इंटरल्यूकिन-७ दिलेल्या रुग्णांच्या लसिकापेशी तिप्पट-चौपट वाढल्या. परंतु पेशी वाढणे वेगळे आणि प्राण वाचणे वेगळे. चीनमध्ये हजाराहून अधिक रुग्णांवर प्रतिकार वाढविणारे दुसरे एक औषध अजमावले. २०२५ मध्ये निष्कर्ष आला, की मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून बाजारात ज्या पुड्या नि बाटल्या मिळतात, त्यांवर दुखण्यातून उठलेल्या माणसाचे पैसे खर्च करू नयेत, हे आम्ही स्पष्ट सांगतो. त्या पैशांचे दूध, अंडी, डाळ आणावी.

औषध नसले तरी उपाय नाही असे नव्हे. आपल्या घरांत बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत होती. त्या रीतीत काळोखी कोंदट खोली आणि धूर ह्या गोष्टी वाईटच होत्या. त्या गेल्या ते बरे झाले. पण तिच्या गाभ्यात एक शहाणपण होते: ही बाई मोठ्या दिव्यातून बाहेर आली आहे, तिला घराने सांभाळावयाचे आहे, सोयऱ्याधायऱ्यांनी तिच्यावर गर्दी करावयाची नाही, आणि ती उठून कामाला लागत नाही म्हणून कोणी नाक मुरडावयाचे नाही. सेप्सिसमधून उठलेल्या माणसाला असाच जपा. मात्र सव्वा महिना पुरणार नाही. सहा महिने नीट जपावे आणि वर्षभर लक्ष ठेवावे.

जपणे म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. घरात येणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावे. सर्दीखोकला झालेल्याने, तो घरचा नातू असला तरी, त्या माणसापासून चार हात दूर राहावे किंवा तोंडाला पट्टी बांधावी. पूजाअर्चा, बारसे, मुंज ह्यांची गर्दी पुढे ढकलावी. देव रागावत नाही. साखर आटोक्यात ठेवावी आणि पायाची रोज पाहणी करावी. फ्लू आणि न्युमोनिया ह्यांच्या लसी केव्हा घ्याव्या हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. विचारल्याशिवाय कोणी विसरलेलेही असते. प्रतिजैविकांचा ठरलेला क्रम पुरा करावा. आणि मागे उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी मनाने घेऊ नयेत. स्टिरॉइडची गोळी तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊही नये आणि एकाएकी बंदही करू नये. रोज थोडे चालवावे, कारण स्नायू आजारात झिजलेले असतात. विसरभोळेपणा, भीतीची स्वप्ने, एकाएकी रडू येणे हेही ह्या आजाराच्या मागे येते. त्याला 'मनाने घेतले आहे' म्हणून हिणवू नये.

आणि धोक्याच्या खुणा पाठ कराव्या: थंडी वाजून येणे, ताप चढणे किंवा अंग नेहमीपेक्षा गार लागणे, श्वास जलद होणे, बोलण्यात भ्रम, लघवी कमी होणे, कातडी डागाळलेली दिसणे. ह्यांतले एक जरी दिसले तरी उद्याची वाट पाहू नये. डॉक्टरांपुढे गेल्यावर पहिले वाक्य हे असावे: 'ह्यांना पूर्वी सेप्सिस होऊन गेला आहे.' ताप नाही म्हणून दुखणे नाही, असे ह्या माणसाच्या बाबतीत म्हणता येत नाही, हे आपण पाहिलेच.

आता समितीपुढचे मागणे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या संस्थेने ३९ खेड्यांत गावच्याच बायकांना शिकवून तयार केले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळांना पाहत, सेप्सिसची लक्षणे ओळखीत आणि उपचारही करीत. १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार नवजात बालकांचे मृत्यू शेजारच्या भागाच्या तुलनेने शेकडा ६२ कमी झाले. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. ती बाळे होती, आपले रुग्ण बहुतेक वृद्ध. तुलना तेथेच थांबते. परंतु शिकविलेले साधे माणूस, हातात एक यादी आणि ठरल्या दिवशी घराचे दार, एवढ्याने काय घडते, हे तेथे दिसले.

आपला न्यास रुग्णालयाच्या बिलाला साह्य करतो आणि रुग्ण घरी गेला की प्रकरण बंद करतो. आमची विनंती अशी, की सेप्सिसच्या रुग्णाचे प्रकरण वर्षभर उघडे ठेवावे. पहिल्या आठवड्यात, पहिल्या महिन्याच्या शेवटी, मग तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आपल्या महिला मंडळातील किंवा तरुण मंडळातील कोणीतरी त्या घरी जावे, पाच-सात प्रश्न विचारावे आणि उत्तरे वहीत लिहावी. लसींचा आणि साखर तपासण्याचा खर्च न्यासाने उचलावा. बिलाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. जायला माणसे लागतील, आणि ती ह्या मांडवात बसलेली आहेत. पहिले नाव आमचे लिहून घ्यावे. दवाखाना बंद केल्यापासून आम्हाला सवड आहे.

मागच्या महिन्यात आम्ही वहिनींकडे गेलो आणि आज जे सांगितले ते सारे त्यांना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'भाऊजी, हे आधी सांगितले असते तर मी पूजा पुढे ढकलली असती. पूजेला काय, केव्हाही होते.' त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. निघताना आम्ही त्यांना विचारले, की हे भाषणात सांगितले तर चालेल काय? त्या म्हणाल्या, 'सांगा. पुढच्या घराला तरी उपयोगी पडेल.'

नोंदवहीतली जुनी ओळ आम्ही खोडलेली नाही. तिच्याशेजारी समासात एवढेच लिहिले आहे: 'घरी गेला. पुढची चौकशी केली नाही.' विश्वस्त मंडळींनी वहीत एक नवा रकाना आखावा, आणि 'बरा झाला' हे शब्द त्या रकान्यात वर्षानंतरच लिहावेत, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.